बिनचिठ्ठीचं पाणी

आमच्या कंपनीत सेफ्टी शिकवायला येणारा माणूस कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हता. चाकणला उन्हाळ्यात पत्र्याखाली डोकं भाजून निघतं. तरी कुणी ग्लास पुढं केला की तो मान हलवायचा आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढायचा. मी तिथं झाडलोटीला होते. आल्यागेल्याला पाणी देणं माझ्याकडंच होतं. आम्ही दापोडीचे, वस्तीतले. हातचं पाणी न पिणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांना ओळखायला मला वेळ लागत नाही. एक-दोन वेळा गप्प बसले. मग एकदा सगळ्यांदेखत विचारलं.

"सर, आमच्या हातचं चालत नाही का तुम्हाला?"

सुपरवायझर माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागला. तो माणूस मात्र रागावला नाही, ओशाळलाही नाही.

"तुमच्याच नाही मावशी, माझ्या बायकोच्या हातचंही चालत नाही. यात काय आहे ते कुठं लिहिलंय?"

"पाणी आहे. दुसरं काय असणार?"

"असं म्हणून प्यायलेली माणसं मी तुम्हाला बोलावून दाखवली असती. पण ती येऊ शकत नाहीत."

मग त्यानं खिशातून चिकटपट्टीचा कागद काढला, त्यावर 'पिण्याचं पाणी' लिहिलं, खाली तारीख घातली, माझ्या तांब्यावर चिकटवला आणि उभ्याउभ्या दोन ग्लास पाणी प्यायला. मी विचारलं ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. विचारायलाच पाहिजे होतं.

त्याचं नाव मी लिहीत नाही. शेवटी त्यानं जे केलं ते कंपनीच्या वरच्या लोकांना अजून ठाऊक नाही, आणि त्याच्या पोटावर माझ्यामुळं पाय यायला नको. आम्ही त्याला सर म्हणायचो. किडकिडीत, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट. डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडलेली, सोललेल्या बटाट्यासारखी. कुणी म्हणायचं ॲसिडनं गेली, कुणी म्हणायचं कोड आहे. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कंपनी गाड्यांच्या सुट्या भागांना मुलामा चढवायची. तिथं हातापायाशी सगळी विषंच. ज्या मोठ्या कंपन्यांना माल जायचा त्यांची माणसं तपासणीला आली की विचारायची, कामगारांना रसायनांचं शिक्षण दिलं का? म्हणून आठवड्यातून एकदा हा माणूस यायचा. तो कंपनीचा नोकर नव्हता. त्याला फक्त बोलायचे पैसे मिळत. काहीच थांबवायचा अधिकार त्याला नव्हता, एक पंखासुद्धा.

शिकवायची त्याची तऱ्हा वेगळी होती. रसायनाच्या कॅनवर धोक्याची चिठ्ठी असते, तिच्यावरची चित्रं भिंतीवर लावायचा आणि नाव सांगायचा नाही. म्हणायचा, तुम्हीच नावं ठेवा. हातावर थेंब पडून हात झिजतोय त्या चित्राला बायकांनी नाव ठेवलं 'हातखाऊ'. झाडाखाली मासा पडलाय त्याला 'मेला मासा'. एका चित्रात माणसाच्या छातीत चांदणी फुटलेली आहे. ते हळूहळू आतून पोखरणाऱ्या रसायनाचं. त्याला आमच्या इंदूबाईनं 'नवऱ्याची दारू' असं नाव दिलं. सगळ्या खिदळल्या. सर हसला नाही. त्यानं ते नाव मोठ्या अक्षरात चित्राखाली लिहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. लगेच कळत नाही."

'माहितीये' हा शब्द त्याला खपत नव्हता. कुणी म्हटलं, "माहितीये सर," की त्याला सर तास संपेपर्यंत उभं ठेवायचा. "माहितीये ते गेटवर ठेवून या," म्हणायचा. "जाताना परत घेऊन जा." आणि कुणी कॅनला नाक लावलं तर त्याचा आवाज चढायचा. "वास घेऊन ओळखणारा एकदाच ओळखतो!"

एकदा सुपरवायझरनं कसलीशी पिशवी पोचवायला मला त्याच्या घरी पाठवलं होतं. चऱ्होलीला नव्या इमारतीत राहायचा. स्वयंपाकघरात मिठापासून मोहरीपर्यंत प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि तारीख. त्याची बायको मला म्हणाली, "बघा हो, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मला मीठ-साखर ओळखता येते यावर यांचा विश्वास नाही. परवा मी मुद्दाम साखरेच्या डब्यात मीठ भरलं."

"मग?"

"मग काय! स्वतः चहा केला, सगळा कप प्यायले. तोंड वेडंवाकडं केलं, पण प्यायले. मी म्हटलं, अहो खारट लागला नाही का? तर म्हणे, लागला. पण चिठ्ठी साखरेची होती, म्हणून आधी वाटलं माझी जीभच बिघडली."

ती हसत होती. मला काही हसू आलं नाही. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे कठीण.

त्याचा एक प्रकार तर मला अजून पटलेला नाही. आमच्याकडं कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत थिनर भरून ठेवायची सगळ्यांना सवय. सर एके दिवशी तसली नारिंगी बाटली घेऊन आला. पॅकिंगचा एक माणूस घामाघूम होऊन बसला होता. सर त्याला म्हणाला, "घ्या, थंड आहे." त्यानं तोंडाला लावली नि घटाघटा संपवली. नुसतं सरबत होतं. पण सरनं टाळी वाजवली आणि म्हणाला, "मेला. झोपा इथं."

त्या बिचाऱ्याला वाटलं चेष्टा आहे. हसतहसत आडवा झाला. सरनं त्याला उठू दिलं नाही. त्याला ओलांडून इकडून तिकडं जात शिकवत राहिला. त्या माणसाची बायकोही आमच्यातच होती, मागं बसलेली. सर तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"ताई, आता घरी काय सांगणार?"

ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी उठले.

"पुरे झालं सर. जिवंत माणसाचं मढं करता का?"

"मलाही पुरे वाटतंय मावशी. पण याला ऊठ म्हटलं की हा उठेल. म्हणून चाललंय."

तो माणूस पुढं कधी सरशी बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. मात्र कोल्ड्रिंकची बाटली त्या खात्यात परत दिसली नाही, हेही खरं.

माझी सून रेखा त्याच कंपनीत होती. तिचं काम अवघड होतं. मुलाम्याचं विषारी पाणी बाहेर सोडायच्या आधी साफ करतात, ती मागच्या बाजूची पत्र्याची खोली तिच्याकडं. त्या खोलीत दोन प्रकारचे कॅन असायचे. एकात हायपो, म्हणजे पाणी साफ करायचं ब्लीचसारखं औषध, आणि एकात ॲसिड. दोन्ही पिवळसर, दोन्ही एकसारख्या निळ्या कॅनमध्ये. रोज सकाळी हायपो टाकीत ओतायचा. टाकीच्या तळाशी कालचा हायपो उरलेलाच असतो. त्यात चुकून ॲसिड पडलं की हिरवट पिवळा गॅस उठतो, आणि त्या खोलीतून माणूस दारापर्यंतसुद्धा येत नाही. हे सरनं इतक्या वेळा सांगितलं होतं की मला, चौथी शिकलेल्या बाईला, पाठ झालं होतं.

रेखा दहावी शिकलेली, हुशार, आणि थोडी चढेल. तिथं सतत पाणी उडायचं, चिठ्ठ्या भिजून सुटायच्या. म्हणून तिनं स्वतःची खूण केली होती. जुन्या हिरव्या ओढणीची चिंधी हायपोच्या कॅनच्या कडीला बांधायची. कॅन संपला की चिंधी सोडून नव्याला. सरनं एकदा ती पाहिली.

"हे काय?"

"खूण आहे सर. चिठ्ठी सुटते, चिंधी सुटत नाही."

"ही कुणाला कळते?"

"मला कळते. ओतणारी मीच ना?"

सरनं चिंधी सोडून तिच्या हातात दिली. "तू एकटी नाहीस इथं," म्हणाला. पण तिचं म्हणणं त्याला लागलं असावं. स्टोअरमध्ये जाऊन न भिजणाऱ्या चिठ्ठ्या मागून त्यानं भांडण केलं. मिळाल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात स्वतःच रुंद पारदर्शक टेप आणली आणि एकेका चिठ्ठीवर मारत बसला. त्याची पाठ वळताच रेखानं चिंधी परत बांधली.

"कशाला?" मी म्हटलं.

"आत्या, त्यांचं त्यांच्यापाशी. जीव माझा जातो, मला माझी खूण पाहिजे."

तिचं मला पटलंच होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं सगळ्या कंपन्यांत त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. मालक येणार म्हणून नुकत्याच आलेल्या नव्या सुपरवायझरनं सगळं घासून घ्यायला लावलं. भिजलेल्या, फाटलेल्या चिठ्ठ्या आणि वर ती टेप त्याला गलिच्छ दिसली. थिनर लावून बायकांकडून सगळ्या खरवडून काढल्या. कॅन हलवून मधे रांगोळी काढली. कॅन नव्यासारखे चमकायला लागले. त्यावर स्वस्तिक, हळदकुंकू, झेंडूचे हार. मालकांनी कौतुक केलं म्हणे. आम्ही सासूसुना ते पाहायला नव्हतो. आमच्यात ती पूजा नाही, आणि दसऱ्याला विहारात कार्यक्रम असतो, त्याच्या तयारीला आम्ही लवकर निघून गेलो होतो.

सुट्टीनंतर कंपनी उघडली तो नेमका सरचा दिवस होता. मी मागच्या अंगणात निर्माल्य गोळा करत होते. सर आला, पत्र्याच्या खोलीच्या दारात थांबला आणि आत बघत राहिला.

"चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

सुपरवायझर धावत आला. "सर, पूजेला काढल्या. घाण दिसत होत्या. दुपारपर्यंत नव्या लावतो ना."

"मग दुपारी ओता."

"असं कसं सर? वरची टाकी भरत आलीय. हायपो पडला नाही तर लाइन थांबेल. आज माल जायचाय."

"तपासायच्या पट्ट्या आणा. कागद बुडवला की कळेल."

"त्या लॅबमध्ये. लॅबला कुलूप. केमिस्ट गावाला गेलाय, उद्या सकाळी येईल."

"मग उद्या सकाळी ओता."

आतून रेखा म्हणाली, "सर, मला माहितीये. ही बघा हिरवी चिंधी. हा हायपो. मीच बांधलेली गाठ आहे."

खरंच एका कॅनच्या कडीला चिंधी होती, सुकलेल्या हाराखाली. सुपरवायझरला जोर आला. "झालं तर मग! रेखाताई, घ्या ओतायला."

सर दारात आडवा उभा राहिला. सुपरवायझर त्याच्या निम्म्या वयाचा. पण त्यानं आवाज चढवला.

"सर, तुम्ही ट्रेनिंगला येता, ट्रेनिंग द्या. काम थांबवायचा तुम्हाला अधिकार नाही. बाजूला व्हा, नाहीतर साहेबांना फोन लावतो."

मला वाटलं आता हा हातघाईवर येणार. पण सर म्हणाला, "खरं आहे. मला अधिकार नाही." आणि बाजूला झाला. मी मनात त्याला शिवी घातली. एवढा आरडाओरडा करणारा माणूस, आणि वेळेला पाय मागं घेतला.

रेखानं पंप चालू केला. त्याचा एवढा आवाज होतो की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. तिनं मास्क चढवला, चिंधीवाला कॅन ओढत टाकीशी नेला.

सर अंगणात आला. तिथं चार-पाच बायका झाडू-बादल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर उभा राहून त्यानं घाईनं, पण एकेकीच्या तोंडाकडं बघत विचारायला सुरुवात केली.

"परवा पूजेला तुम्ही काय केलं?"

"हळद लावली सर."

"तुम्ही?"

"कुंकू."

"तुम्ही?"

"मी रांगोळी काढली."

सुपरवायझर ओरडला, "काय चाललंय? पूजेत कुणी काही गडबड केली असेल ना, तर आजच घरी पाठवीन सांगतो!"

झालं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी दाराकडं बघितलं. रेखा झाकण फिरवत होती.

"इंदूबाई, तुम्ही?"

इंदूबाई चाकणच्या बाजूच्या गावची. जमीन गेली, नवरा बसून, घर तिच्या पगारावर. तिनं सुपरवायझरकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"मी हार घातले."

"हार कशानं बांधले?"

"दोऱ्यानं."

"सगळे?"

सर वाकून तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन हळू म्हणाला, "इंदूबाई, सगळे दोऱ्यानं?"

"न्हाई," ती म्हणाली. "येक हार खाली घसरत व्हता. दोरा संपला व्हता. बाजूच्या कॅनला चिंधी व्हती, ती सोडली नि हितं बांधली. मला वाटलं बांधायलाच ठिवलीय…"

पुढचं मी ऐकलं नाही. "रेखा, सोड!" म्हणून ओरडले. पंपाच्या आवाजात तिला कसलं ऐकू येतंय? तिनं कॅन कलता केला होता. मी निर्माल्याची पाटी टाकली आणि आत पळाले. माझे गुडघे तेव्हाच गेलेले होते. कशी पोचले माहीत नाही. तिच्या दंडाला धरून मागं खेचलं. कॅन उभा राहिला. थेंबही पडला नव्हता. तिनं मास्क खाली ओढला आणि माझ्यावरच खेकसली, "आत्या, वेड लागलं का?"

सर आला, त्यानं झाकण लावलं आणि पंप बंद केला. मग म्हणाला, "तुझी गाठ नाही ती. बघ."

रेखानं बघितलं. ती उलटी गाठ मारते. ही साधी होती. ती कॅनपासून लांब झाली, हातमोजे काढले, परत घातले, परत काढले. त्या दिवशी लाइन बंद राहिली. सर घरी गेला नाही, त्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसला. कुणालाही आत जाऊ दिलं नाही.

सकाळी केमिस्ट आला. त्यानं चिंधीवाल्या कॅनमध्ये कागदाची पट्टी बुडवली. ती लालभडक झाली.

"ॲसिड," तो म्हणाला. चहा घेऊ का म्हणावं तसं म्हणाला. त्याला काय ठाऊक?

मग मोठे साहेब आले. लाइन दिवसभर बंद म्हणून भडकलेले. चिठ्ठ्या कुणी काढल्या हे त्यांनी विचारलंच नाही, कारण चमकणाऱ्या कॅनचं मालकांनी कौतुक केलं होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "ती चिंधी कुणी हलवली? मला नाव पाहिजे. तो माणूस उद्या गेटच्या आत दिसायला नको."

इंदूबाई माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या हाताला लागत होता. तिनं बोलायला तोंड उघडलं.

"मी," सर म्हणाला.

साहेब वळले. "तुम्ही? पूजेला तुम्ही होता?"

"आलो होतो. पेढा घ्यायला. जाताना सोडली, दुसऱ्या कॅनला बांधली. मला ती चिंधी कधीच आवडत नव्हती."

हा माणूस पेढ्यासाठी चाकणला येईल यावर कुत्र्यानं विश्वास ठेवला नसता. सुपरवायझरला तर सगळंच माहीत होतं. पण चिठ्ठ्यांचा विषय निघत नाहीये म्हटल्यावर त्यानं तोंड शिवून घेतलं. साहेबांनी सरला तिथल्या तिथं सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. सरनं पिशवी उचलली.

मी त्याच्याबरोबर गेटपर्यंत गेले. का गेले, माहीत नाही. तो मला कधी आवडला नव्हता.

"खोटं बोललात," मी म्हटलं.

"हो."

"कशाला? तुमचं काम गेलं."

"तिचं गेलं असतं तर पुढच्या वेळी विचारल्यावर कोण बोललं असतं मावशी?" तो म्हणाला. "मी आठवड्यातून एकदा येणार. त्या रोज असतात."

एवढं बोलून तो रस्ता ओलांडून गेला. परत मला दिसला नाही. रेखानं ते काम सोडलं नाही. मी तिला सोड म्हटलंही नाही, घरात दुसरं कोण कमावतं? चिठ्ठ्या मात्र नव्या लागल्या, न भिजणाऱ्या.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सुपरवायझर त्या खोलीतून तणतणत बाहेर आला. एका कॅनचं झाकण अर्धवट लागलेलं होतं. "कुणाचं काम आहे हे? बोला!" अंगणात आम्ही सगळ्या होतो. जिची तिची नजर आपापल्या पायांकडं.

"माजं हाय," इंदूबाई म्हणाली. "थांबा, लावते." आणि हातमोजे घालत आत गेली.